हातावर वाढवलेला झेब्रा फिंच – आता पुढे काय? माणसाळलेला कसा ठेवायचा, काय शिकवता येतं?

पिसारा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

माझ्याकडे दोन वर्षांपासून झेब्रा फिंचची जोडी आहे. मागच्या खेपेला ४ पिल्लं झाली. ती नऊ दिवसांची असताना त्या दोघांनी पुन्हा घरटं सजवायला घेतलं आणि पिल्लं एकेक करून बाहेर टाकायला लागले. मी दोनदा परत घरट्यात ठेवली, दोन्ही वेळा तासाभरात खाली. तीन गेली. चौथं गार पडलेलं पण चोच उघडत होतं, त्याला ओंजळीत धरून गरम केलं आणि तेव्हापासून हॅन्डफीड चालू आहे. पहिले काही दिवस सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तासाला भरवलं, आता दोन-अडीच तासांनी. आज २४ वा दिवस आहे. पूर्ण पिसं आलीत, चोच अजून काळी आहे, मी खोलीत आले की मान पार उलटी करून जीभ हलवत ओरडायला लागतो (की लागते, अजून कळलेलं नाही). कालपासून माझ्या मनगटावरून खांद्यापर्यंत उडत येतो.

त्याचा पिंजरा माझ्या खोलीत वेगळा ठेवलाय, आईबाप बाहेरच्या खोलीत आहेत. एकमेकांना दिसत नाहीत, आवाजही फारसा जात नसेल. मुद्दाम तसं केलंय, म्हणजे त्याला माणसांचीच सवय राहील. हॅन्डफीड कधी आणि कसं थांबवायचं? थांबवलं की हा मला विसरेल का? हातावर ये, परत पिंजऱ्यात जा, एवढं जरी शिकला तरी खूप. फिंचला शिकवता येतं का मुळात, कारण सगळीकडे फक्त पोपटांचंच लिहिलेलं सापडतं.

दाणापाणी
पिसाराताई, आधी अभिनंदन. नऊ दिवसांचं गार पडलेलं पिल्लू जगवणं सोपं नाही, जेमतेम ५-६ ग्रॅमचा जीव असतो तो.

मान उलटी करून मागतोय ना, ते अगदी बरोबर आहे, घाबरू नका. चिमणीचं पिल्लू मान वर ताणून मागतं, फिंचचं पिल्लू खाली दबून मान पिळून मागतं. भरवताना तुम्हीही सिरिंज वरून खाली न धरता त्याच्या चोचीच्या दिशेने खालून-बाजूने न्या, त्याला सोपं जातं. आणि तो ओरडत, चोच उघडून मागत असतानाच द्या. चोच मिटलेली असताना बळेच ढकललं की अन्न श्वासनळीत जातं आणि मग फार काही करता येत नाही.

हॅन्डफीड आपण थांबवायचं नसतं, त्याने थांबवायचं असतं. साधारण ३५ व्या दिवसाच्या आसपास फिंच स्वतः खायला लागतात, हातावर वाढलेले आणखी आठवडाभर उशीर करतात. आत्तापासूनच पिंजऱ्याच्या तळाला पसरट झाकणात बारीक दाणे, भिजवून नुकतं मोड आलेलं राळं आणि राळ्याचं अख्खं कणीस ठेवा. तो आधी नुसता खेळेल, चोचीत धरून टाकेल. दाणा सोलणं ही त्याच्या दृष्टीने मोठी कला आहे, टरफल काढून आतला गर खायला जिभेचा आणि चोचीचा मेळ बसावा लागतो. दोन-चार दिवस नुसती टरफलं इकडेतिकडे पडलेली दिसतील आणि तुम्हाला वाटेल खायला लागला. फसू नका. क्रॉप, म्हणजे गळ्याशी असलेली अन्न साठवायची पिशवी, बघा. मानेच्या उजव्या बाजूला पिसं फुंकर मारून बाजूला केली की कातडीतून दाणे दिसतात. दाणे दिसले तर खातोय, नुसती हवा दिसली तर खेळतोय.

आणि एक छोटा वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी भरवायच्या आधी वजन, वहीत लिहायचं. हॅन्डफीड कमी करताना दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर परत एक-दोन वेळा वाढवायची.

हिरवीपाती
दाणापाणी काकांना अनुमोदन. मी पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करते, तिथे येणाऱ्या पिल्लांमध्ये जे दिसतं ते सांगते. फॉर्म्युला, म्हणजे सिरिंजने भरवायचं पातळ खाद्य, दर वेळी ताजा, ३९-४० डिग्रीला, थर्मामीटर घालून मोजलेला. बोटाने अंदाज घेऊ नका. ४३ च्या पुढे गेलं की क्रॉप आतून भाजतो आणि ते वरून दोन-तीन दिवसांनी दिसतं. फार गार असेल तर क्रॉप रिकामा व्हायला वेळ लागतो, अन्न आंबतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच एखादा भाग उकळता राहतो. दूध, ब्रेड अजिबात नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. आणि चोचीत वरून पाणी कधीच घालायचं नाही.

त्याच्या पायाखाली काय आहे? कागद गुळगुळीत असेल तर पाय फाकतात. खरखरीत कापड किंवा टिश्यू घाला.

पिसारा
खाली टिश्यूच आहे. पण थर्मामीटर नव्हता, मी खरंच मनगटावर थेंब टाकून बघत होते!! आज आणते. काका, क्रॉप बघितला, तुम्ही म्हणालात तसंच आहे. टरफलं भरपूर, आत एकही दाणा नाही.

उंबरठा
माझं मत स्पष्ट सांगतो. माणसाळलेला हवा असेल तर एकटा ठेवा. मी तीन फिंच वाढवले आहेत. दुसरा फिंच आला की हा तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, चार दिवसांत जंगली होईल. तुम्ही वेगळ्या खोलीत ठेवलंय ते अगदी योग्य केलंय. आणि शिकवायचं असेल तर सकाळी खाणं काढून घ्यायचं, भूक लागली की दोन-तीन तासांनी हातातूनच खायला द्यायचं, पटकन शिकतात. पोपटांना, ससाण्यांना असंच शिकवतात.

हिरवीपाती
उंबरठा, कृपया हे कोणी करू नका. ससाणा एकदा भरपेट खाल्ला की दिवसभर तगतो, बारा-पंधरा ग्रॅमच्या फिंचचं तसं नसतं. त्यांचं शरीर इतक्या वेगाने चालतं की जागेपणी सतत थोडं थोडं खात राहावं लागतं. रात्रीची झोप झाल्यावर सकाळी तो आधीच जवळपास रिकामा असतो, त्यात आणखी तीन तास म्हणजे थेट जिवाशी खेळ. पिल्लू तर अजूनच नाजूक. आमच्याकडे 'सकाळी ठीक होता, दुपारी फुगून तळाला बसला' असं सांगत लोक येतात आणि खोदून विचारलं की खाण्याचं भांडं रिकामं होतं किंवा त्यात वर नुसती टरफलं होती असं निघतं.

उपाशी ठेवायची गरजच नसते. नेहमीचे दाणे पिंजऱ्यात कायम असू द्या, फक्त सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणजे बहुतेक फिंचांच्या बाबतीत राळ्याचं कणीस, ती पिंजऱ्यातून काढा आणि फक्त हातातून द्या. एवढ्यावर सगळं शिकवता येतं.

उंबरठा
भुकेचं पटलं, मागे घेतो. माझ्याकडे त्याने काही झालं नाही म्हणून सुचवलं होतं. एकटं ठेवायचं मात्र अजूनही म्हणतो.

संधिप्रकाश
हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी हेच केलं होतं. हातावर वाढवलेला नर, एकटा, माझ्याच खोलीत, सगळ्यांना कौतुक. तीन महिन्यांचा झाल्यावर तो माझ्या अंगठ्यापुढे नाचायला लागला. अंगठा दिसला की पिसं फुलवायची, उड्या मारत पुढे यायचं, गायचं, आणि मग अंगठ्यावर चढायचा प्रयत्न. सुरुवातीला घरातले सगळे हसायचे. नंतर तो दिवसभर तेच करायला लागला. मी कामाला गेले की दरवाजाकडे तोंड करून हाका मारत बसायचा, परत आले की अंगठा. मी त्याच्यासाठी मादी आणली, त्याने तिला टोचून टोचून कोपऱ्यात बसवलं. तो फिंच आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तो साडेचार वर्षं जगला आणि सगळा वेळ माझ्या बोटाची वाट बघण्यात गेला. मला त्याचं फार वाईट वाटतं अजून.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे चांगलं अभ्यासलेलं आहे. क्लाउस इमेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने झेब्रा फिंचची पिल्लं बेंगालीज फिंचांकडून वाढवून घेतली होती. ते नर मोठे झाल्यावर त्यांच्यापुढे दोन्ही जातींच्या माद्या ठेवल्या तर ते बेंगालीज मादीपुढेच गायचे. ज्याने भरवलं, जो रोज दिसला, तोच आपला, हे लहानपणी पक्कं होतं. पिसाराताई, तुमचं पिल्लू आत्ता त्याच वयात आहे.

पिसारा
संधिप्रकाश, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. खरं सांगते, मला तो माझ्याच मागे मागे असलेला आवडतोय, नाही म्हणत नाही. पण चार-पाच वर्षं दाराकडे तोंड करून बसलेला पक्षी मला नकोय. पण मग उलट, त्याच्या आईबापांनी त्याला टाकलं होतं, त्यांच्यात परत सोडलं तर मारणार नाहीत का?

दाणापाणी
एकाच पिंजऱ्यात नको. ती जोडी आता पुन्हा अंड्यांवर असेल, बाप त्याला हाकलेल. पण त्याचा पिंजरा उचलून त्यांच्या पिंजऱ्याशेजारी, हातभर अंतरावर, नीट दिसेल असा ठेवा. आजच ठेवा, उद्या नको. याला आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पिल्लू नर निघालं तर त्याला गाणं शिकायचं आहे. झेब्रा फिंचमध्ये फक्त नर गातात आणि ते गाणं जन्मतः पूर्ण येत नाही, बापाकडून ऐकून शिकावं लागतं. साधारण २५ व्या ते ६५ व्या दिवसापर्यंत तो ऐकून लक्षात ठेवतो, ३५ च्या पुढे स्वतः पुटपुटायला लागतो, चुकत सुधारत ९० व्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं होतं आणि मग आयुष्यभर तेच. या काळात एकही गाणारा नर मिळाला नाही तर तो गातो, पण काहीतरी लांबट, तुटक, विचित्र सूर. इतर पिल्लं अशा नराकडून शिकली तर ती थोडं थोडं सुधारत जातात आणि तीन-चार पिढ्यांत गाणं परत नेहमीसारखं होतं, असा एक सुंदर अभ्यास २००९ साली आला होता. पण तुमच्या या एकट्याला ती सोय नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवून होत नाही, तेवढ्याने ते फार कमी शिकतात, समोर जिवंत गाणारा पक्षी लागतो.

तुमच्याकडे बाप बाहेरच्या खोलीत बसलाय. इतकं नशीब किती जणांचं असतं? बाहेरून नर आणायचा तर निदान ३० दिवस वेगळा ठेवून तब्येत बघावी लागते, आणि तेवढ्यात शिकायचं वय निम्म्याहून जास्त संपतं.

आणि माणसाळलेपण जाईल ही भीती. जातं, पण सोबत मिळाल्यामुळे नाही. सोबत मिळाली की आपण आळशी होतो, रोजचं हातावर घेणं बंद होतं, म्हणून जातं. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं त्याच्यासाठी काढलीत तर तो बापाकडून गाणंही शिकेल आणि तुमच्या हातावरही येईल.

पिसारा
ठेवला. आत्ताच. पिंजरा शेजारी ठेवल्यावर पहिली दोन मिनिटं एकदम ताठ, पिसं अंगाला चिकटवून उभा. मग बापाने एकदा गायलं आणि हा मान तिरकी करून नुसता बघत राहिला. इतका शांत मी त्याला कधीच बघितला नव्हता.

नवखा_पक्षीप्रेमी
माफ करा मध्येच विचारतो. माझ्या जोडीची अंडी कालच फुटली, ५ पिल्लं आहेत. माणसाळलेले हवेत म्हणून मी दोन पिल्लं काढून हॅन्डफीड करायचं म्हणतोय, कितव्या दिवशी काढू?

हिरवीपाती
काढू नका. अंड्यातून निघालेलं पिल्लू १ ग्रॅमच्या आसपास असतं, त्याला ३५-३६ डिग्री ऊब लागते, आईबापाच्या चोचीतून त्याच्या पोटात चांगले जंतू जातात जे आपण देऊ शकत नाही. अनुभवी माणसांच्या हातूनही यातली बरीच मरतात. पिसाराताईंकडे दुसरा मार्ग नव्हता, तुमच्याकडे आईबाप भरवतायत ना? आणि पुढे कधी टाकलीच, तरी आधी परत ठेवून बघा, नाहीतर कोणाकडे अंड्यांवर बसलेली बेंगालीज जोडी असेल तर तिच्याखाली ठेवा, ती परकी पिल्लं फार मायेने वाढवते.

माणसाळवायला हॅन्डफीड लागतच नाही. आठव्या-दहाव्या दिवसापासून, डोळे उघडायला लागले की, रोज एकदा पिल्लांना उबदार ओंजळीत दोन-तीन मिनिटं घ्या आणि परत ठेवा. माणसाचा वास लागला की आईबाप टाकतात हे खरं नाही, पण घरट्यात सतत डोकावलं तर बिथरतात, म्हणून एकदाच. पंधराव्या दिवसानंतर घरट्याला हात लावायचा नाही, पिल्लं घाबरून वेळेआधी बाहेर उड्या मारतात.

नवखा_पक्षीप्रेमी
बरं झालं विचारलं. नाही काढत.

पिसारा
अपडेट, दिवस ३६. क्रॉपमध्ये दाणे आहेत!!! कालपासून हॅन्डफीड फक्त सकाळी एक आणि झोपायच्या आधी एक, तेही तो अर्धंच घेतो. वजन ११.८, गेले चार दिवस तेवढंच. गालावर दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपके आलेत आणि छातीवर बारीक पट्टे, म्हणजे नर आहे. दुपारी दांडीवर एकटा बसून अगदी हळू काहीतरी बडबडत होता, चोच जेमतेम हलत होती. बाप गायला लागला की हा गप्प.

आता शिकवायला कुठून सुरुवात करू? हातावर येतो पण कधी येतो, कधी नाही.

दाणापाणी
आता तुमचा हात म्हणजे भरवणारी चोच राहिली नाही, त्यामुळे कधी कधी येणार नाहीच. इथेच लोक घाबरतात आणि पिंजऱ्यात हात घालून पक्षी धरून बाहेर काढतात. एकदा धरलात की चार आठवड्यांचं काम गेलं. त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक द्या. आला नाही तर हात मागे घ्या, दहा मिनिटांनी परत.

मी असं करतो. पिंजऱ्याचं दार उघडं, कणसाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चिमटीत, हात दाराशी स्थिर. तो मान लांब करून एक दाणा ओढतो, तेवढंच त्या दिवशी. मग तुकडा अंगठ्याच्या मागच्या बाजूला धरायचा म्हणजे खायचं तर तर्जनीवर पाय ठेवावा लागतो. हात नेहमी त्याच्या दांडीच्या पातळीला किंवा किंचित वर, खालून बोट पोटाला लावून ढकलायचं नाही. फिंचला ते शिकाऱ्यासारखं वाटतं. डोक्यावरून हात तर कधीच न्यायचा नाही.

खूण म्हणून मी जिभेने हलकंच टक् करतो, किंवा दोन सुरांची बारीक शीळ. कुत्र्यांना शिकवताना वाजवतात त्या क्लिकरचा आवाज यांना फार मोठा पडतो, दचकतात. टक् आणि लगेच दाणा. तीन-चार दिवसांत टक् ऐकल्यावर तो तुमच्या बोटांकडे बघायला लागेल, म्हणजे समजलं. मग वीतभर अंतरावरून बोलवा, मग हातभर, मग खोलीच्या पलीकडून. एका वेळी पाच-सहा वेळाच बोलवायचं, फार तर तीन मिनिटं. तो अजून यायला उत्सुक असतानाच थांबा, हे मला शिकायला कित्येक वर्षं लागली. कंटाळेपर्यंत केलं की दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच तोंड फिरवतो.

हिरवीपाती
वजनकाट्यावर बसायलाही शिकवा, काट्यावर छोटी दांडी चिकटवा, तिथे कणीस. आजारपणात हे सोनं आहे. आणि महिन्यातून एक-दोनदा नीट धरायची सवय, नखं कापायला लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये मान, पाठ तळव्याला, आणि छातीवर दाब शून्य. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली नाही की श्वासच बंद. धरल्यावर लगेच सोडून द्यायचं आणि आवडतं खायला द्यायचं. हे शिकवायच्या वेळेत नाही, अगदी वेगळ्या वेळी.

पाठीवरून, शेपटीजवळ कुरवाळणं टाळा. संधिप्रकाश यांनी सांगितलेला नाच त्यानेही वाढतो.

शांतनदी
खोलीत सोडणार असाल तर माझं ऐका. माझी मादी बोलावल्यावर येणारी, फार हुशार होती. एका दुपारी आकाश स्वच्छ, मी पडदा ओढायला विसरले आणि ती काचेवर आदळली. हातात घेतली तोवर संपलं होतं. सोडायच्या आधी पडदे ओढलेले, पंखा बंद, पाण्याचा एकही भांडं-बादली उघडी नाही, दार आतून लावलेलं. नॉनस्टिक भांडं तापवत असाल तर सोडणं सोडाच, पिंजराही त्या हवेत नको, त्या कोटिंगच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतात आणि आपल्याला वासही येत नाही. काच कळावी म्हणून सुरुवातीला मी आता हातात घेऊन काचेजवळ नेते, चोच हळूच टेकू देते. दुसऱ्या पक्ष्याबरोबर हे केलं, तो कधी आदळला नाही.

पिसारा
शांतनदी, वाचून पोटात खड्डा पडला. वर लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून दारामागे लावलंय.

पिसारा
दिवस ४९. अडचण आहे. हातावर येतो, टक् केलं की खोलीच्या मध्यापर्यंत येतो, काट्यावर बसतो (१२.३). पण परत पिंजऱ्यात जात नाही. काल एक तास कपाटावर बसून राहिला, मी खाली उभी. शेवटी दिवा घालवून अंधारात धरला आणि आज माझ्याकडे यायला तयार नाही. चुकलंच ना?

दाणापाणी
अंधारात धरणं हा पाठलाग करण्यापेक्षा बरा मार्ग आहे, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका, दोन-तीन दिवसांत विसरेल. पण क्रम बदला. 'बाहेर ये' शिकवायच्या आधी 'आत जा' शिकवायला हवं होतं, हे मीच आधी सांगायला हवं होतं. आत्ता त्याच्यासाठी बाहेर म्हणजे मजा आणि आत म्हणजे मजा संपली. उलटं करा. कणसाचा सगळ्यात मोठा तुकडा फक्त पिंजऱ्यात, दाराशी, तो परत आल्यावरच. आत गेला, खाल्लं, दार लावायचं नाही, परत बाहेर येऊ द्या. दहा वेळा आत गेल्यावर एकदाच दार लागतं असं त्याला वाटलं पाहिजे. आणि बाहेर सोडायची वेळ संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी अर्धा तास. खोलीतला उजेड हळूहळू कमी आणि पिंजऱ्याजवळ छोटा दिवा. फिंच उजेडाकडे आणि आपल्या माणसांकडे, म्हणजे आपल्या पक्ष्यांकडे जातात. शेजारी आईबाप दांडीवर टेकलेले दिसले की तोही जातो. एकट्या पक्ष्याला हे ओढणारं काही नसतं.

उंबरठा
हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी आहे असं समजून वाचलं. माझे तिघेही परत जायला कायम त्रास द्यायचे आणि मला वाटायचं ते माझ्या प्रेमापोटी. तिघांपैकी एक अजून आहे, सहा वर्षांचा. या वयात त्याला सोबत दिली तर चालेल का? नर आहे.

संधिप्रकाश
उंबरठा, नक्की द्या, पण जोडीदार म्हणून मादी लादू नका, माझी चूक तीच होती. एखादा शांत बेंगालीज बघा, ते भांडत नाहीत, गर्दीत दाटीने झोपायला त्यांना आवडतं. आधी महिनाभर वेगळ्या खोलीत, मग शेजारी पिंजरा, मग मोठ्या जागेत दोघांना एकदम नवीन ठिकाणी सोडायचं, म्हणजे कोणाचीच आधीची हक्काची जागा नसते. खाण्याची भांडी दोन ठिकाणी. घरटं ठेवू नका.

उंबरठा
धन्यवाद. बघतो. खरंच बघतो.

पिसारा
दिवस ७२. उलटा क्रम चालू केला. पहिले पाच दिवस काहीच नाही, सहाव्या दिवशी स्वतःहून आत. आता संध्याकाळी दिवा लावला की जातो. नारिंगी चोच आलीय पूर्ण. बडबड मोठी झालीय, मध्येच बापाच्या गाण्यातले शेवटचे तीन सूर अगदी तस्सेच येतात आणि मग परत घोटाळा होतो. मग थांबतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक गंमत. त्याची आई दोन वर्षांत माझ्या हाताच्या जवळ कधी आली नव्हती. हा शेजारी माझ्या बोटावर बसून कणीस खातो ते ती रोज बघते. परवा मी त्यांच्या पिंजऱ्यात पाणी बदलत होते तर तिने माझ्या अंगठ्याजवळचा दाणा उचलला. मी पाण्याचं भांडं धरून तशीच उभी राहिले, हात भरून आला पण हलवला नाही.

हिरवीपाती
हे होतं खरं! एक धीट पक्षी असला की बाकीचे बघून शिकतात. पिसाराताई, आईबापाचं घरटं आता काढून टाका. एकामागून एक अंडी घालत राहिली तर मादीच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं. समुद्रफेन कायम पिंजऱ्यात हवा.

पिसारा
काढलं. समुद्रफेन आहे.

दाणापाणी
ताई, काय झालं, महिना होऊन गेला, बातमी नाही.

पिसारा
काका, सॉरी, राहून गेलं. दिवस ११३ आज. गाणं पक्कं झालंय. बापाचंच आहे, फक्त सुरुवातीला एक टक् आहे जो बाप कधीच म्हणत नाही. मी दोनदा रेकॉर्ड करून ऐकलं, घरातल्यांना ऐकवलं, सगळे म्हणतात तुझ्यासारखा टक्. मला माहीत नाही खरंच तसं आहे का, पण असू दे.

मोठ्या पिंजऱ्यात तिघं आता एकत्र आहेत, घरटं नसल्यामुळे बाप काही करत नाही. सकाळी दार उघडलं की हा पहिला बाहेर येतो, माझ्या तर्जनीवर बसतो, कणसाचे सात-आठ दाणे खातो, चोच माझ्या नखाला पुसतो. मग आत बापाने गायलं की उडून परत जातो. पूर्वी मी त्याला जाताना बघून थोडी खट्टू व्हायचे. आता मीच दार उघडं ठेवून बाजूला होते, उन्हात तिघं एका दांडीवर चिकटून बसतात, मधला कोण ते शेपटीवरून ओळखू येतं.

उंबरठा
माझ्याकडेही एक बेंगालीज आलाय, अजून वेगळ्या खोलीत आहे, महिना व्हायला अकरा दिवस राहिलेत. त्याची हाक ऐकू आली की माझा म्हातारा दांडीच्या टोकाला जाऊन भिंतीकडे बघत बसतो. शेजारी ठेवायची वेळ आली की इथेच येऊन विचारेन.